मुलं बरोबर असताना लांबच्या गाडीप्रवासाला कधी निघावं, रात्री की पहाटे?

निघायची_घाई
पुढच्या आठवड्यात आम्ही गाडीने निघतोय. अंतर ५८० किमी, मॅप साडेदहा तास दाखवतोय, म्हणजे थांबे धरून बारा-साडेबारा पकडा. गाडीत आम्ही दोघं, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ चा आणि सासूबाई, त्या ७१ च्या. इतक्या लांब गाडीने सगळे मिळून पहिल्यांदाच जातोय.

घरात चार दिवस एकच वाद चाललाय. नवऱ्याचं म्हणणं, शुक्रवारी ऑफिसमधून आलो की जेवून रात्री ११ ला निघायचं. मुलं गाडीत झोपतील, रस्ता मोकळा मिळेल, सकाळी पोचलो की अख्खा शनिवार हातात. माझं म्हणणं, शनिवारी पहाटे ५ ला निघू. तो म्हणतो दिवसभर दोन मुलं गाडीत बारा तास कशी सांभाळणार, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला उत्तर देता येत नाहीये. त्यात मुलीला गाडी लागते. मलाही गाडी येते पण शहरातल्या शहरात, हायवेवर अशी कधी चालवली नाही.

ज्यांनी मुलांना घेऊन असे प्रवास केलेत त्यांनी प्लीज सांगा. रात्री की पहाटे?

रातराणी
रात्री! डोळे झाकून रात्री. आम्ही सहा वर्षं झाली रात्रीच निघतो. आमची दोघं गाडी सुरू झाली की अर्ध्या तासात गाढ. ना आलं का आलं का, ना शू, ना भांडणं. दिवसा एकदाच गेलो होतो, तिसऱ्या तासाला धाकटीने चपला खिडकीबाहेर टाकल्या. एक नाही, दोन्ही.

दोन_जुळी
@रातराणी दोन्ही टाकल्या ते बरं केलं, एकच टाकली असती तर उरलेली वर्षभर कपाटात राहिली असती.

चारचाकी
मी रात्रीच्या पूर्ण विरोधात आहे आणि का ते सांगतो, जरा लांब होईल.

चार वर्षांपूर्वी मीपण हेच गणित केलं होतं. ऑफिस, जेवण, रात्री ११ ला निघालो. मागे बायको आणि मुलगा झोपलेले. रस्ता खरंच मोकळा होता, गार हवा, मला वाटलं काय भारी प्लॅन केलाय. पावणेचारच्या सुमाराला रस्त्याच्या कडेला त्या उठावाच्या पट्ट्या असतात ना, चाक गेलं की घर्रर्र आवाज येतो त्या, त्या आवाजाने मला जाग आली. जाग आली हा शब्द मुद्दाम वापरतोय. डोळे मिटले होते की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. ट्रिप मीटर बघितला तर शेवटचा टोलनाका गेल्यापासून १४ किमी झाले होते आणि त्या १४ किमीतलं मला काहीच आठवत नव्हतं. एक वळण नाही, एक ट्रक नाही. गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिलो. मागे मुलगा तोंड उघडं टाकून झोपला होता, एक मोजा पायातून निघून सीटवर पडलेला. तो मोजा मी विसरू शकत नाही.

९० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे १०० मीटर गाडी कुणीच चालवत नाहीये. आणि ताई, तुमच्या मिस्टरांचा दिवस मोजून बघा. सकाळी साडेसहाला उठत असतील तर रात्री साडेअकराला त्यांना जागून १७ तास होतात. १७ तास जागं राहिलेल्या माणसाचे रिफ्लेक्स रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे मंद होतात, त्यावर अभ्यास झालेले आहेत. म्हणजे ते थकव्याच्या त्या पातळीवर प्रवास *सुरू* करणार. पुढे अख्खी रात्र बाकी. बरं, दारू प्यायलेल्या माणसाला निदान आपण प्यायलोय हे माहीत असतं, पेंगणाऱ्याला तेही नसतं.

भटकभवानी
चारचाकी, वाचून अंगावर काटा आला. तो मोज्याचा तपशील.

रातराणी
चारचाकींचं पटतंय पण सरसकट रात्र वाईट असंही नाही ना? आम्हाला सहा वर्षांत कधी काही झालेलं नाही.

खिडकीवाला
मी इथे बहुतेक सगळ्यात लहान असेन, १९ वर्षांचा आहे. मी मागच्या सीटवर मोठा झालेला मुलगा म्हणून लिहितो.

बाबा आम्हाला रात्रीच न्यायचे. मला झोपेत पांघरुणासकट उचलून गाडीत ठेवायचे. मध्येच जाग यायची तेव्हा खिडकीतून काळोखाचा रंग बदलत निळा निळा होत चाललेला दिसायचा आणि पुढे आई-बाबा हळू आवाजात बोलत असायचे. लहानपणीची सगळ्यात आवडती आठवण कुठली असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन. आई अखंड बोलत असायची, शेजारच्यांबद्दल, शाळेतल्या मैत्रिणींबद्दल, कोड्यात बोलल्यासारखी गाणी ओळखायला लावायची बाबांना. मला वाटायचं किती गप्पा मारतात दोघं.

मागच्या वर्षी मला लायसन्स मिळालं, तेव्हा आईने सांगितलं. त्या गप्पा नव्हत्या. ती बाबांना जागं ठेवत होती. तिच्या पायाशी घड्याळ ठेवलेलं असायचं आणि बाबांनी उत्तर द्यायला उशीर केला की ती त्यांच्या दंडाला चिमटा काढायची. ती स्वतः एक मिनिट झोपायची नाही. आणि पोचल्यावर दिवसभर आम्हा दोन पोरांच्या मागे.

आठवण अजून तितकीच सुंदर आहे, पण निर्णय घेताना पुढच्या सीटवरच्या दोघांचं काय होतं तेही बघा.

आजीबाई_ऑनलाइन
खिडकीवाला, बाळा, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. आम्हीही असेच चिमटे काढलेत.

बाकी धागा वाचला. मुलांची झोप, नवऱ्याची रजा, सगळ्यांचा विचार झालाय. सासूबाईंना कुणी विचारलंय का गं? ७१ वर्षांच्या बाईला रात्रभर गाडीत बसून मान टाकून झोपता येत नाही. रात्री दोन तासांनी जायला लागतं, तेव्हा धड उजेडातलं स्वच्छतागृह मिळत नाही, मग ती बिचारी पाणीच पीत नाही. मी स्वतः असं केलंय, संध्याकाळपासून पाणी बंद. दुसऱ्या दिवशी पाय असे सुजले की चप्पल चढेना. तिला दर दोन तासांनी उतरवून पाच-दहा मिनिटं चालव, बसल्या जागी घोटे गोल फिरवायला सांग. आणि गोळ्या डिकीतल्या बॅगेत नकोत, हाताशी हव्यात.

पहिलं म्हणजे विचार तिला.

निघायची_घाई
आजी, खरंच नव्हतं विचारलं. आत्ता जाऊन विचारलं. म्हणाल्या, "तुमचं ठरेल तसं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण दिवसा खिडकीतून बघायला मिळतं." एवढंच.

चारचाकी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. काही बोलला नाही, पण दोनदा वाचला.

बाकी प्रश्न आहेतच. मुलीला गाडी लागते त्याचं काय करायचं? आणि मुलगा झोप आली की आजीच्या मांडीवरच झोपतो, ते चालेल ना?

मागची_सीट
मांडीवर नाही. कृपा करून नाही. कितीही जवळचं माणूस असलं आणि कितीही घट्ट धरलं तरी नाही.

५० च्या स्पीडला गाडी आदळणं म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून खाली पडणं. तिसऱ्या मजल्यावरून. तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून मुलाला मांडीवर घेऊन उडी माराल आणि म्हणाल का की मी घट्ट धरलंय? हे ५० चं झालं, हायवेला तुम्ही त्याच्या दुप्पट नाहीतर जवळपास तितक्या स्पीडला असणार. ४ वर्षांच्या मुलाला त्याची स्वतःची चाइल्ड सीट, पाच पॉइंटचा पट्टा (दोन्ही खांदे, कमरेच्या दोन्ही बाजू आणि पायांमधून धरणारा), आणि पट्टा इतका घट्ट की खांद्यापाशी त्याची चिमूट पकडता येऊ नये. अंगात जाड जॅकेट असेल तर काढून मग पट्टा लावा, नाहीतर पट्टा घट्ट वाटतो पण मध्ये नुसता कापूस असतो. थंडी वाजली तर पट्ट्याच्या वरून पांघरूण घाला.

९ वर्षांच्या मुलीलासुद्धा बूस्टर लागेल बहुतेक, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, मोठ्यांचा पट्टा नीट बसावा म्हणून. वय बघू नका, पट्टा कुठे बसतो ते बघा. वरचा पट्टा खांद्याच्या मधून जायला हवा, मानेवरून नको. खालचा मांडीच्या वरच्या हाडांवर, पोटावर नको. साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत मोठ्यांचा पट्टा मुलांना नीट बसत नाही. आणि पट्टा गळ्याला टोचतो म्हणून मुलं तो काखेखालून घेतात, ते तर नकोच.

दोन_जुळी
+१. आपला नेहमीचा खांदा-कमरेचा तीन पॉइंटचा पट्टा १९५९ मध्ये व्होल्व्होच्या नील्स बोहलिन या इंजिनिअरने आणला आणि कंपनीने ते पेटंट सगळ्या गाडीवाल्यांना वापरायला खुलं ठेवलं. जुळ्यांना ही गोष्ट सांगितल्यापासून ते पट्टा लावताना "नीलकाका" म्हणतात. आता मीच विसरलो तर मागून ओरडतात, बाबा नीलकाका!

भटकभवानी
नीलकाका!! हे आजपासून आमच्याकडेपण.

निघायची_घाई
चाइल्ड सीट आहे, शहरात वापरतो, पण लांबच्याला तो इतका वेळ बसेल का म्हणून मांडीचा विचार केला होता. मागची_सीट, तुमचं तिसऱ्या मजल्याचं वाचून तो विचार सोडला. पण मग मागे सीट, बूस्टर आणि तिसरं माणूस मावणार कसं?

मागची_सीट
सासूबाईंना पुढे बसवा. गुडघ्यांना जागा मिळेल, चढउतार सोपी, आणि त्यांना बाहेर बघायचंय ना. तुम्ही मागे मुलांबरोबर. पण आदल्या दिवशी तिघांनी खरोखर बसून बघा, पट्ट्यांची बकलं सीटच्या खाली दबतात आणि निघायच्या वेळी अंधारात सापडत नाहीत. १३ च्या आतली मुलं मागेच, पुढे एअरबॅग असते.

स्टेथो
मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे म्हणून गाडी लागण्यावर लिहिते. आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते, ती मेंदूला सांगते आपण हलतोय, वळतोय. मूल पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये बघत असेल तर डोळे सांगतात आपण एका जागी आहोत. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि पोट ढवळतं. साधारण २ ते १२ वर्षं या वयात हे सगळ्यात जास्त असतं, बरीच मुलं पुढे त्यातून बाहेर येतात. मुलीला मुद्दाम त्रास होत नाहीये, नाटक करत नाहीये, हे घरच्यांना नक्की सांगा, कारण अशा मुलांना ओरडा फार बसतो.

उपाय सोपे आहेत. तिला समोरची काच दिसेल असं बसवा. मागे मधल्या सीटला तीन पॉइंटचा पट्टा असेल आणि बूस्टर तिथे चालत असेल तर मधेच. नजर लांबवर, डोंगर, ढग, पुढचा ट्रक. वाचन, रंगवणं, स्क्रीन नाही. पोट एकदम रिकामं नको आणि तुडुंबही नको, निघायच्या तासभर आधी थोडं कोरडं काहीतरी. खिडकी जरा उघडी. उग्र वासाचं एअर फ्रेशनर आधी काढून टाका, निम्म्या उलट्या त्याच्यामुळे होतात असं मला माझ्या पेशंटकडे बघून वाटतं.

गोळी द्यायची तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून, तिच्या वजनाप्रमाणे, आणि निघायच्या अर्धा ते एक तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर देऊन फारसा उपयोग नाही. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून देऊ नका. धाकट्याला तर विचारल्याशिवाय काहीच नको, "जरा झोपेल तरी" म्हणून तर अजिबात नको. हे विचारणारे पालक मला दर सुट्टीत भेटतात.

स्पॅनर
माझं गॅरेज आहे. सुट्ट्यांच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता लोक येतात, "उद्या पहाटे निघायचंय, जरा बघून घ्या." तेव्हा काही निघालं तर पार्ट कुठून आणू? चार-पाच दिवस आधी या.

तुम्ही स्वतः काय बघायचं ते सांगतो. टायरची हवा, गाडी थंड असताना. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर बहुतेक गाड्यांना स्टिकर असतो, त्यावर दोन आकडे असतात, कमी माणसं आणि फुल लोड. तुम्ही पाच जण प्लस सामान, तुमचा आकडा फुल लोडचा, रोजचा नाही. स्टेपनीत पण हवा भरा, ती सगळे विसरतात. टायरच्या कडेला चार आकडी नंबर असतो, समजा २३२१, म्हणजे २०२१ च्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी चांगली दिसली तरी रबर म्हातारं होतं.

डिकीत जड सामान खाली आणि सीटच्या पाठीला चिकटून. मागच्या काचेपाशी सुटं काही ठेवू नका, ब्रेक मारला की छत्रीसुद्धा डोक्यात बसते. मागच्या दारांचे चाइल्ड लॉक लावून आतून उघडून बघा.

आणि एक बारीक गोष्ट. मागच्या पट्ट्याची बकलं टॉर्च मारून बघा. मागच्या महिन्यात एक गाडी आली, बकल लागतच नव्हतं. खोललं तर आत बिस्किटाचा चुरा दाबून दाबून दगड झालेला आणि खाली एक नाणं. ते घरचे दोन महिने पट्टा नुसता अडकवल्यासारखा करून मुलाला बसवत होते. टक् आवाज आला आणि जोरात ओढून सुटला नाही तरच लागला समजा.

भटकभवानी
स्पॅनरदादा, आत्ता जाऊन बघून आले. नाणं नाही पण खडू निघाला!

करमणुकीबद्दल मी बोलते. स्क्रीनला माझा विरोध नाही पण पहिल्या तासात दिला की पुढचे अकरा तास तोच मागतात. आम्ही तो शेवटच्या दोन तासांसाठी राखून ठेवतो, संध्याकाळ झालेली असते, सगळे वैतागलेले असतात, तेव्हा तो सोन्यासारखा उपयोगी पडतो. तोपर्यंत गोष्टी ऐकायच्या, ज्याला गाडी लागते त्यालाही चालतं.

दोन_जुळी
मी स्क्रीन देतच नाही आणि तरी आमचं निभतं. मुलांना कंटाळा आला तर येऊ द्या ना, कंटाळ्यातूनच ती खिडकीबाहेर बघायला लागतात.

भटकभवानी
तुमची दोघं एकमेकांना असतात हो. आमचा एकुलता आहे. कंटाळा आला की तो माझ्याच खांद्याला लागतो. प्रत्येक घराचं वेगळं.

दोन_जुळी
हे मान्य, याचा मी विचार नव्हता केला.

"आलं का" वर मात्र माझ्याकडे खात्रीचा उपाय आहे. ४-५ वर्षांच्या मुलाला तास कळत नाही, तीन तास म्हणजे त्याला काही दिसत नाही. एक लांब कागदी पट्टी घ्या, त्यावर ५० किमीला एक असे चौकोन आखा, तुमचे १२ होतील. ती पुढच्या सीटच्या मागे त्याला दिसेल अशी चिकटवा. ५० किमी झाले की एक चौकोनावर स्टिकर. मग तो आलं का विचारत नाही, कधी लावायचा विचारतो. फरक आहे, पहिल्यात तक्रार असते आणि दुसऱ्यात काम. स्टिकर त्याच्या हातात द्या, पाकीट तुमच्याकडे ठेवा, आम्ही पाकीट दिलं होतं तर दहाव्या किलोमीटरला आम्ही पोचलो होतो.

स्टेथो
दोन_जुळी, दहाव्या किलोमीटरला पोचलात :)

चारचाकी
एक राहिलं. थांबाल तेव्हा मूल झोपलंय म्हणून त्याला गाडीत ठेवून जाऊ नका, पाच मिनिटांसाठीही नाही. उन्हात बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण १० अंशांनी चढतं आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा ३ ते ५ पट लवकर तापतं. झोप मोडली तर मोडू दे. आणि गाडी चालवताना मागे वळून बाटली, खेळणं देणं हे ड्रायव्हरचं काम नाही. ८० च्या स्पीडला दोन सेकंद मागे बघितलं की ४४ मीटर गेले.

रातराणी
परवापासून मी गप्प आहे कारण माझा विचार चालला होता. मी सगळ्यात पहिला प्रतिसाद दिला, डोळे झाकून रात्री असा. आता तो शब्दप्रयोगच मला नको वाटतोय.

नवऱ्याला विचारलं, आपल्याला रात्री कधी त्रास का नाही झाला? तो म्हणाला, अगं आपण दुपारी झोपतो ना. खरंय. आमचं दुकान आहे. निघायच्या दिवशी आम्ही दुपारी बंद करतो, जेवून पडदे ओढून चांगले चार-पाच तास झोपतो, मुलांना माझी आई बघते. शिवाय आम्ही दोघंही चालवतो, दर दोन तासांनी बदल, आणि जो चालवत नाही तो झोपतो. मी हे सगळं लिहिलंच नव्हतं, कारण मला ते इतकं नेहमीचं होतं की महत्त्वाचं वाटलंच नाही. मी लिहिलं ते मुलं झोपतात एवढंच.

निघायची_घाई, तुमच्याकडे नवरा ऑफिसमधून येणार आणि एकटाच चालवणार. तुम्ही रात्री निघू नका. मी माझा आधीचा सल्ला मागे घेते.

चारचाकी
रातराणी, मनापासून धन्यवाद. वेळ कुठलीही असो, चालवणारा झोपून उठलेला हवा. मुलांची झोप बघून आपण ठरवतो आणि चुकतो. दुपारी २ ते ४ लाही पेंग येतेच हं, पहाटे निघालात तरी. तेव्हा थांबा. कॉफी पिऊन लगेच सीट मागे करून २० मिनिटं झोपायचं, कॉफीचा परिणाम व्हायला तेवढा वेळ लागतोच, उठेपर्यंत दोन्हीचा फायदा मिळतो. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी, यांनी पेंग जात नाही, मी सगळं करून बघितलंय.

निघायची_घाई
ठरलं. शनिवारी पहाटे. शुक्रवारी नवरा लवकर येणार, सामान गुरुवारीच भरायचं. गाडी गॅरेजला दाखवून आणली, स्टेपनीत हवा नव्हतीच! आल्यावर सांगते.

आजीबाई_ऑनलाइन
सुखरूप जा. सासूबाईंना खिडकी दे.

निघायची_घाई
पोचलो! आल्यावर सांगते म्हणाले होते पण राहवत नाहीये, सगळे झोपलेत म्हणून इथूनच लिहिते.

शुक्रवारी नवरा सात वाजता आला, साडेनऊला झोपला. पाचचे पावणेसहा झाले कारण मुलगा उठल्यावर त्याने आधी पट्टीवर पहिला स्टिकर लावायचा हट्ट धरला, मग निघाल्याचा एक स्टिकर वेगळा दिला. नीलकाका मुलीनेच सगळ्यांना शिकवले. उजाडेपर्यंत दोघं जागी आणि उजाडल्यावर गाढ, म्हणजे मुलं झोपायची ती झोपलीच, उलट दोन तास.

मुलीला घाटात एकदा उलटी झाली, पण ती खाली पडलेली बाटली वाकून शोधत होती तेव्हा. पिशवी हातात तयार होती. एरवी प्रत्येक प्रवासात तीन-चार वेळा होते. स्टेथो, मी तिला तुमचा कानाचा आणि डोळ्यांचा निरोप समजावून सांगितला होता, तर उलटी झाल्यावर म्हणाली, "आई, निरोप चुकला." इतकी वर्षं ती सॉरी म्हणायची.

सासूबाईंनी वाटेतले डोंगर, नद्या मुलांना दाखवत बडबड केली, मी त्यांना इतकं बोलताना लग्नानंतर ऐकलेलं नाही. प्रत्येक थांब्याला नातवाचा हात धरून दोन फेऱ्या.

अडीच वाजता नवऱ्याने लागोपाठ तीन जांभया दिल्या. मी मागून मोजत होते. एरवी तो "काही नाही, ठीक आहे" म्हणतो, या वेळी स्वतःच बाजूला घेतली, कॉफी प्यायला आणि झोपला. उठल्यावर मी म्हटलं, मी चालवू का? तो काही न बोलता मागे जाऊन मुलांच्या शेजारी बसला. रस्ता सरळ होता, चार पदरी. पहिली दहा मिनिटं माझे तळवे स्टिअरिंगला चिकटले होते. मी ७० किमी चालवली. सासूबाई शेजारी बसून होत्या, एकदाही हँडल धरलं नाही त्यांनी.

संध्याकाळी पावणेसातला पोचलो. १३ तास लागले, मॅपपेक्षा अडीच जास्त.

चारचाकी
स्वतःच बाजूला घेतली हे वाचून फार बरं वाटलं.

स्टेथो
निरोप चुकला! माझ्या पेशंटना आता मी हेच सांगणार.

रातराणी
७० किमी! परतीला कधी निघताय?

निघायची_घाई
पुढच्या रविवारी, पहाटेच. मुलाने नवी पट्टी करायला लावली आहे, बारा चौकोनांची. मुलीने त्यातले चार हिरवे रंगवलेत, ते आईचे म्हणे. नवरा बघून म्हणाला, पाच कर.